देणगी कुठे द्यायची? संस्था निवडण्यापासून पावतीपर्यंत

देणगी मागणारे वर्षभर येत असतात. श्रावणात अन्नदानाची पत्रकं, भाद्रपदात मंडळाची वर्गणी, पितृपंधरवड्यात वृद्धाश्रमाचा फोन, मार्चअखेरीस ‘करसवलत मिळेल’ असा मेसेज, आणि अधूनमधून व्हॉट्सअॅपवर कुणाच्या तरी ऑपरेशनचं आवाहन. बहुतेक घरांत जो दारात येईल त्याच्या हातावर जमेल तेवढं ठेवलं जातं. त्यात वाईट काही नाही, पण वर्षाखेरीला दिलेल्या आठ-दहा हजारांतून नेमकं काय झालं, हे कुणालाच सांगता येत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. सर्वसाधारण नोकरदार घराने दोन, फार तर तीन संस्था निवडाव्यात, त्या कसून तपासाव्यात आणि एकदा विश्वास बसला की पाच-सात वर्षं त्यांची साथ सोडू नये. वीस ठिकाणी पाचशे-पाचशे रुपये दिल्याने त्या वीसपैकी एकाही संस्थेला पुढच्या वर्षाचा बेत आखता येत नाही. दरवर्षी जूनमध्ये नक्की येणाऱ्या पाच हजारांवर मात्र संस्था विसंबू शकते. पुढे दिलेला क्रम अशी निवड करण्यासाठी आहे.

आधी आकडा, मग संस्था

वर्षाला किती द्यायचं हे घरात बसून ठरवा. नवरा-बायको, कमावती मुलं, सगळ्यांनी मिळून. समजा दहा हजार ठरले. त्यातले सात हजार निवडलेल्या संस्थांसाठी, दोन हजार पूर, दुष्काळ किंवा ओळखीतल्या आजारपणासाठी आणि एक हजार गल्लीतल्या वर्गण्यांसाठी, अशी वाटणी मला व्यवहारात टिकणारी वाटते. आकडे तुमच्या ऐपतीप्रमाणे बदला. मोठा हिस्सा मात्र विचार करून निवडलेल्या कामालाच जायला हवा. यामुळे नाही म्हणणंही सोपं होतं. ‘आमचं या वर्षीचं ठरलेलं आहे’ एवढं सांगितलं की समोरच्याचाही मान राहतो.

कुठलं काम?

संस्थांची नावं शोधण्याआधी काम निवडा. इथे घाई करू नका, कारण एकदा काम ठरलं की पुढची निम्मी निवड आपोआप होते.

स्वतःला विचारा: कुठल्या प्रश्नाबद्दल मला पाच वर्षांनीही तळमळ वाटेल? ज्या घरात व्यसनाने एक माणूस गेला आहे, त्या घराला व्यसनमुक्तीचं काम वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ज्यांच्या आईने कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईत महिने काढले, त्यांना परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास राहायची सोय नसलेल्या नातेवाइकांचे हाल ठाऊक असतात. अशी ओळख असेल तर काम समजतं, प्रश्न विचारता येतात आणि उत्साह टिकतो.

दुसरा विचार म्हणजे कुठे देणगीदार कमी पोचतात. लहान मुलं आणि जेवण या दोन गोष्टींसाठी लोक पटकन देतात. वाढदिवसाला अनाथाश्रमात जेवण द्यायला ओळीने माणसं मिळतात. मानसिक आजारातून बरं होऊन घरी न स्वीकारलेल्या बाईसाठी, तुरुंगातून सुटलेल्या माणसासाठी, कच्च्या कैद्यांच्या कायदेशीर मदतीसाठी देणारे शोधावे लागतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शाळा आहेत, पण अठरा वर्षांनंतर त्या मुलाने दिवसभर कुठे जायचं आणि आई-बाप गेल्यावर त्याला कोण बघणार, हा प्रश्न हजारो घरांना सतावतो. प्रौढांसाठीच्या कार्यशाळा आणि निवासी केंद्रं त्यामुळे कायम ओढगस्तीत असतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं मार्च-एप्रिलपर्यंत शाळेबाहेर राहतात. त्यांच्यासाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवणं, किंवा कारखान्याच्या तळावर वर्ग भरवणं, हे काम कुणाच्या स्टेटसवर दिसत नाही, पण त्या मुलाचं वर्ष वाचवतं.

तिसरी गोष्ट तातडीच्या मदतीची आणि मुळापासून बदलाची. भुकेल्याला आज जेवण लागतंच, त्याला पाणलोटाची योजना ऐकवून चालत नाही. पण सगळे पैसे फक्त आजच्या ताटासाठी गेले तर उद्याही तेवढीच ताटं वाढावी लागतात. दोनपैकी एक संस्था तातडीचा आधार देणारी आणि एक दीर्घ पल्ल्याची, अशी जोडी मला चांगली वाटते.

नावं कशी मिळतात

आनंदवन (१९४९ पासून वरोऱ्याला), हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प, अहिल्यानगरचं स्नेहालय ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, आणि त्यांना द्यावंसं वाटलं तर जरूर द्या. पण तुमच्याच जिल्ह्यातली, पंधरा-वीस माणसांच्या बळावर चालणारी संस्था शोधलीत तर तुमचे सात हजार तिथे जास्त जाणवतील आणि तुम्हाला जाऊन बघताही येईल. ‘लोकसत्ता’ दरवर्षी गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमातून दहा संस्थांची ओळख करून देतो. पुण्यात पितृपक्षात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरतं. तिथे संस्थांचे कार्यकर्ते स्वतः बसलेले असतात आणि समोरासमोर बोलता येतं. अशा ठिकाणी पहिली चाळणी झालेली असते. तरी पुढची तपासणी आपणच करायची.

माझा सगळ्यात भरवशाचा मार्ग मात्र वेगळा आहे. त्या विषयात रोज काम करणाऱ्या माणसाला विचारा. सरकारी रुग्णालयातले वैद्यकीय समाजसेवक, आशा सेविका, जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक यांना कुणाकडे माणूस पाठवला की खरंच मदत होते, हे पक्कं ठाऊक असतं.

कागदपत्रं

महाराष्ट्रातली धर्मादाय संस्था साधारणपणे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते. नोंदणी क्रमांकाच्या आधी ‘ई’ किंवा ‘एफ’ असं अक्षर दिसेल. ‘एफ’ म्हणजे ती संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली आहे. काही संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली कंपनी म्हणून नोंदतात, तेही योग्यच. गोव्यात महाराष्ट्राचा हा कायदा लागू नाही. तिथे सोसायटीचं प्रमाणपत्र आणि आयकर नोंदणी बघा.

संस्थेकडे नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट एकचा उतारा, आयकराचं १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारं) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारं) प्रमाणपत्र मागा. उताऱ्यावर विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलले की तसा बदल अर्ज आयुक्तांकडे करावा लागतो. दहा वर्षांपूर्वी वारलेल्या गृहस्थांचं नाव अजून उताऱ्यावर असेल तर कारण विचारा. बदल अर्ज प्रलंबित राहणं नवीन नाही, पण उत्तर सरळ मिळायला हवं. विश्वस्तांत सगळे एकाच आडनावाचे असतील तर जास्त बारकाईने बघा. १२एबी आणि ८०जी यांची मुदत बहुधा पाच वर्षांची असते, तेव्हा प्रमाणपत्र कुठल्या वर्षापर्यंतचं आहे तेही वाचा. एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवर संस्थेचा क्रमांक असेल तर सोयीचं, पण दर्पणवर नाव असणं म्हणजे कामाची हमी नव्हे. तिथली बरीचशी माहिती संस्थेनेच भरलेली असते.

हिशेब वाचायला सीए असावं लागत नाही

इथे लोक बिचकतात. खरं तर चार पानं असतात. परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद, परिशिष्ट नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक, आणि सोबत लेखापरीक्षकाचा अहवाल. तीन वर्षांचे कागद मागा आणि शेजारी शेजारी ठेवा.

परिशिष्ट नऊमध्ये खर्चाच्या बाजूला आस्थापना खर्च आणि ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ असे वेगळे आकडे दिसतात. उद्दिष्टांचा खर्च शैक्षणिक, वैद्यकीय, दारिद्र्य निवारण असा आणखी फोडलेला असतो. पत्रकात आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे फोटो आहेत आणि शैक्षणिक खर्चापुढे नाममात्र रक्कम आहे, असं दिसलं तर तिथेच थांबा.

पगाराबद्दल मला थोडं आग्रहाने बोलायचं आहे. ‘आमचा शंभर टक्के पैसा लाभार्थ्यांना जातो, कुणी पगार घेत नाही’ ही जाहिरात ऐकून आपल्याला बरं वाटतं. पण समुपदेशन केंद्रात समुपदेशक हेच काम आहे, विशेष मुलांच्या शाळेत शिक्षिका हेच काम आहे. त्यांच्या मानधनावर खर्चाचा मोठा हिस्सा गेला तर तो योग्यच आहे. आठ हजारांवर राबणारी कार्यकर्ती दोन वर्षांत सोडून जाते आणि तिच्याबरोबर गावातली ओळखही जाते. हिशेब ठेवणारा माणूस, वीजबिल, प्रवास, भाडं यांशिवाय संस्था चालत नाही. म्हणून आस्थापना खर्च किती टक्के, एवढ्यावरून निकाल देऊ नका. तो कशावर झाला ते विचारा. विश्वस्ताच्या स्वतःच्या इमारतीला दिलेलं भाडं, अध्यक्षांची गाडी, सत्कार समारंभ यांवर मात्र बोट ठेवाच.

लेखापरीक्षकाच्या अहवालात ठरावीक प्रश्नांची यादी असते आणि ती सामान्य वाचकासाठी सोन्यासारखी आहे. बैठका नियमित होतात का, इतिवृत्त ठेवलं आहे का, विश्वस्तांपैकी कुणी संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, गुंतवणुकीत कुणाचा स्वार्थ गुंतला आहे का, असे ते प्रश्न. समोर ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहिलेलं असतं. पाच मिनिटांत वाचून होतं.

ताळेबंदात मोठी मुदत ठेव दिसली की काही जण नाराज होतात. प्रत्येक ठेव संशयास्पद नसते. करसवलत टिकवण्यासाठी संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करणं अपेक्षित असतं, पण ठरावीक कामासाठी पाच वर्षांपर्यंत रक्कम साठवण्याची मुभा आहे, आणि कायम निधी (मुद्दल न मोडता राखून ठेवायची रक्कम) तर वेगळाच. इमारतीसाठी साठवत असतील तर ते सांगतील. काही कोटींच्या ठेवी असूनही दर महिन्याला ‘उद्या चूल पेटणार नाही’ असं आवाहन येत असेल, तर ते आवाहन खोटं आहे.

प्रत्यक्ष जा

कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका, साध्या मंगळवारी जा. आधी कळवून जाणं हा शिष्टाचार आहे, विशेषतः जिथे माणसं राहतात तिथे. त्यांचं ते घर आहे.

मुलांच्या संस्थेबद्दल नीट माहिती असायला हवी. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची संस्था त्या कायद्याखाली नोंदलेली असावी लागते आणि मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने तिथे येतं. ‘ही मुलं समितीमार्फत आली आहेत का?’ एवढा एक प्रश्न विचारा. ‘आम्हीच खेड्यांतून गोळा करून आणली’ असं अभिमानाने सांगणाऱ्या ठिकाणी एक पैसा देऊ नका. अशा मुलांची ओळख उघड करायलाही कायद्याने मनाई आहे. मुलांसोबत फोटो काढू न देणारी संस्था तुम्हाला तुसडी वाटेल, पण ती मुलांची बाजू घेते आहे. पाहुणे आले की मुलांना रांगेत उभं करून गाणी म्हणायला लावणाऱ्या जागेबद्दल माझं मत कधीच चांगलं झालेलं नाही.

वृद्धाश्रमात स्वयंपाकघर आणि संडास बघा, रात्री कुणाला त्रास झाला तर कोण येतं ते विचारा. कार्यकर्त्यांशी अध्यक्षांच्या गैरहजेरीत दोन शब्द बोला. किती वर्षं इथे आहात? मानधन वेळेवर होतं का? शेवटी ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांच्यापैकी कुणाशी मोकळेपणाने बोलता आलं तर त्याहून मोठा पुरावा नाही.

संस्थाचालकांना मी हमखास विचारते, ‘तुम्ही केलेलं काय फसलं?’ खरं काम करणाऱ्याकडे याचं लांबलचक उत्तर असतं.

फरक पडला हे कसं कळतं, हाही प्रश्न विचारा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलं, शेजारच्या गावांशी तुलना करत प्रत्येक जन्म-मृत्यू नोंदवला, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पुढे ती पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आली. छोट्या संस्थेकडून एवढ्या अभ्यासाची अपेक्षा ठेवू नका. पण गेल्या वर्षी किती मुलं आली, किती टिकली, सोडून गेलेली का गेली, एवढी वही त्यांच्याकडे असायलाच हवी.

पैसे देताना

पहिल्या वर्षी छोटी रक्कम द्या आणि बघा: पावती किती दिवसांत येते, वर्षाने अहवाल येतो का. नंतर वाढवा.

रक्कम संस्थेच्या नावाच्या खात्यातच जमा करा. यूपीआयचा कोड स्कॅन केल्यावर व्यक्तीचं नाव दिसलं तर पैसे पाठवू नका, मग ती व्यक्ती कितीही मोठी असो. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही, वस्तू दिल्यावरही मिळत नाही. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. म्हणजे २० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याने दहा हजार दिले तर कर साधारण हजार रुपयांनी कमी होतो. आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट नाहीच. ‘देणगी द्या, कर वाचवा’ या मेसेजमधली गंमत एवढीच आहे, त्यामुळे सवलतीसाठी संस्था निवडू नका. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण सगळीकडे ८०जी हेच नाव चालतं. संस्थेला पॅन द्या. त्यांनी आयकर विभागाकडे विवरण भरलं की १०बीई या नावाने ओळखलं जाणारं देणगीचं प्रमाणपत्र मिळतं. संस्थेने ते देण्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३१ मे. साध्या पावतीवर विसंबू नका.

देणगी कशासाठी, हे पावतीवर लिहावं लागतं. सगळ्यांना वह्या, धान्य, संगणक द्यायचे असतात. वीजबिलाला कुणी देत नाही. संस्थेवर विश्वास बसला असेल तर ‘सर्वसाधारण कार्यासाठी’ असं लिहून द्या. संस्थेला सर्वांत जास्त उपयोग याच पैशाचा होतो, आणि तो सर्वांत कमी मिळतो.

वस्तू देण्याआधी फोन करा. पुरानंतर फाटक्या कपड्यांचे ढीग निवडण्यात कार्यकर्त्यांचे दिवस जातात. आपण स्वतः वापरणार नाही ते देऊ नये. मोठ्या आपत्तीत त्या भागात आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला पैसे द्या. तशी ओळख नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधी आहे.

आजारपणाची आवाहनं

ही टाळताही येत नाहीत आणि तपासताही येत नाहीत, म्हणून एक क्रम ठरवून ठेवा. आवाहन पाठवणाऱ्याला रुग्णालयाचं नाव आणि खर्चाचं अंदाजपत्रक विचारा. मग त्या कुटुंबाला माहिती द्या. कधी कधी तीच खरी मदत ठरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटून अर्ज करायचा असतो, हे अनेकांना कुणी सांगतच नाही. एवढं करूनही कमी पडत असेल तर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर भरा.

गल्लीतलं मंडळ, गावातलं वाचनालय

सार्वजनिक उत्सवासाठी वर्गणी गोळा करायला कायमस्वरूपी नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क खालची तात्पुरती परवानगी लागते. पावतीपुस्तकावर तो क्रमांक बघा. गेल्या वर्षीचा जमाखर्च फलकावर लावणाऱ्या मंडळाला हात सैल सोडून द्या.

गावच्या शाळेचा माजी विद्यार्थी गट, भिशीतून सुरू झालेला बायकांचा मदतगट, यांची नोंदणी नसते आणि तरी त्यांचं काम अस्सल असू शकतं. इथे कागदाची जागा ओळख घेते. पैसे दोघांच्या सहीच्या खात्यात असावेत आणि हिशेब सगळ्या सभासदांना दिसावा, एवढं पुरे.

परदेशात असाल तर

भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय देणगी धरली जात नाही. संस्था पासपोर्टची प्रत मागेल, ती द्या. पण तुम्ही दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही तुमचे पैसे परकीय देणगीच ठरतात. ते फक्त एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यात घेता येतात. भावाच्या खात्यातून फिरवून देण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात संस्थेची नोंदणी धोक्यात येते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी महाराष्ट्र फाउंडेशनसारखा तिथेच नोंदलेला मार्ग सोपा पडतो.

दरवर्षीची उजळणी, आणि मृत्युपत्र

वर्षातून एकदा, अहवाल आला की तो वाचा आणि शक्य असेल तर जाऊन या. काम मंदावलं म्हणून लगेच पाठ फिरवू नका, कारण विचारा. संस्थापक थकले आणि पुढची फळी उभी राहिली नाही, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी चांगल्या संस्थांचं दुखणं आहे. अशा वेळी सोडून जाण्याऐवजी हिशेब, संगणक, कायदा यांतलं तुम्हाला येत असेल ते महिन्यातून एक दिवस देता येईल का बघा. हिशेब लपवले, प्रश्न विचारल्यावर आवाज चढवला, किंवा राहणाऱ्यांना वाईट वागवलं, तर मात्र थांबा आणि का थांबलात ते पत्राने कळवा. गैरप्रकार दिसला तर धर्मादाय कार्यालयात तक्रार करता येते.

काही जण शेवटी मृत्युपत्रातून संस्थेला देतात. तसं करणार असाल तर ‘आनंदाश्रमाला’ अशा मोघम नावाने लिहू नका, त्या नावाच्या चार संस्था निघतात. संस्थेचं पूर्ण नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता लिहा, ती संस्था तेव्हा अस्तित्वात नसेल तर रक्कम कुणाला जावी हेही लिहा, मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक (एक्झिक्युटर) नेमा आणि मुलांना हयातीतच सांगून ठेवा.